शाळेची वाट मुलांना चालू द्या

अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत यांनी ईस्ट इंडियन कुटुंबांना जमिनीचे तुकडे देऊन जी खोताची वाडी वसविली, तिचे बोळ मोटारींसाठी आखलेले नाहीत, हे गिरगावातील मुलांचे मोठेच भाग्य होय. कारण लाकडी जिन्यांच्या आणि ओट्यांच्या कडेने वळत जाणाऱ्या त्या अरुंद वाटेवर आजही एखादे सात-आठ वर्षांचे पोर, मागे सीट धरून धावणाऱ्या थोरल्या भावाच्या भरवशावर, सायकलचा तोल साधू शकते. पण ही सायकल वाडीच्या तोंडाशी येऊन थांबते. पुढे जगन्नाथ शंकरशेट मार्ग लागतो, आणि तेथील पदपथावर उभ्या केलेल्या दुचाक्या व मांडलेला माल यांतून वाट काढणे थोरांनाही दुष्कर. तेव्हा आईवडील मुलाला स्कूटरवर पुढ्यात उभे करतात आणि हाकेच्या अंतरावरील शाळेत नेऊन सोडतात.

हे अंतर खरोखरच अल्प आहे. सेंट तेरेसा काय, चिकित्सक समूहाची शिरोळकर शाळा काय किंवा आर्यन शाळा काय, साऱ्या वाडीच्या पंचक्रोशीतल्याच. शिक्षणहक्क कायद्याखाली महाराष्ट्र सरकारने २०११ मध्ये केलेल्या नियमांतही पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असावी, अशी तरतूद आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटांचे अंगमेहनतीचे चलनवलन आवश्यक मानते. आणि एक किलोमीटर जाणे व तितकेच येणे, मुलाने पाय उचलून चालायचे ठरविले तर, या तासाचा जवळजवळ निम्मा वाटा कोणत्याही शुल्काविना पदरात टाकते. ज्या शाळांत कवायतीचा तास परीक्षेच्या दिवसांत गणिताला बहाल केला जातो, तेथे हा निम्मा वाटा क्षुल्लक म्हणता येणार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये शेकडा १.९ होते, ते २०१९-२१ मध्ये ४.१ झाले, आणि याच राज्यात त्याच वयाची शेकडा ३५ बालके खुरटलेली आहेत, ही आपल्या अन्नव्यवस्थेची दुहेरी विटंबना आहे. केवळ चालण्याने स्थूलता हटेल असा दावा कोणी करू नये. वेफरची पुडी आणि साखरेचे पेय हातात ठेवून काढलेली पायपीट वजनाच्या काट्यावर फारशी दिसणार नाही. तरीही, शाळेत पायी जाणारे मूल आपल्या शरीराला कष्टाची आणि चित्ताला स्वावलंबनाची जी सवय लावून घेते, ती पुढे व्यायामशाळेची वर्गणी भरून विकत घेता येत नाही, असे माझे निश्चित मत आहे.

पण पदपथच चालण्याजोगे नसताना मूल पायी जात नाही याचा दोष आईबापांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सुस्थितीतील पदपथ हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार पदपथावर चालण्यास किमान १.८ मीटरची मोकळी रुंदी हवी. भायखळ्यास मिर्झा गालिब मार्गावर, ख्राइस्ट चर्च शाळेच्या परिसरात, रस्त्यावर रंगाचे पट्टे आखून मुलांसाठी चालण्याची जागा राखण्याचा प्रयोग महापालिकेच्या सहकार्याने होऊन गेला आहे. त्यासाठी ना पूल बांधावा लागला, ना इमारत पाडावी लागली.

मेट्रोच्या कामाने गिरगावचा रस्ता वर्षानुवर्षे अडून होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी स्थानक सुरू झाले. आता मोकळ्या झालेल्या जागेचा पहिला हक्क दुचाक्यांच्या रांगेचा नसून शाळकरी पोरांचा आहे, असा हुकूम प्रभाग कार्यालयाने काढावा, शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी शाळांच्या दारापुढील वाहने हटविण्याचा बंदोबस्त वाहतूक पोलिसांनी करावा, आणि वाडीतील चार-पाच घरांनी पाळी लावून एका वडीलधाऱ्याच्या सोबतीने मुलांचा जथा पायी धाडावा. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी ही तजवीज व्हावी, अशी संबंधितांस कळकळीची विनंती आहे.