घरीच तर बसून असते!

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे मार्गदर्शकांचं पीक येतं. चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरी, गडचिरोली, देसाईगंज, गाव कुठलंही असो, व्यासपीठावर एक शाल, एक नारळ आणि एक अनुभवी गृहस्थ असतातच. अशाच एका गृहस्थांनी मध्यंतरी घरून डिझाइनचं काम करणाऱ्या मुलींवर तोफ डागली. त्यांचं नाव मी लिहीत नाही. तसे गृहस्थ प्रत्येक तालुक्यात आहेत. एकट्यालाच मोठेपणा का द्यावा?

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. संगणकावर डिजिटल स्क्रॅपबुकं बनवणं, लग्नाचे अल्बम लावणं हा छंद आहे, धंदा नव्हे. चिकटवही चौथीपर्यंत शोभते. घरात बसून केलेलं काम हे काम नसतं, कारण तिथे वेळ नाही, शिस्त नाही, साहेब नाही. हल्ली हे सगळं एआय मिनिटात करून देतं. आपल्या जंगलात नेटवर्क नाही. गिऱ्हाईक म्हणजे एक तर फोटोग्राफर, नाहीतर परदेशातली कोणी बाई. त्यात जिल्ह्याचं भलं काय? सबब नागपूर-पुण्याची गाडी धरा, नाहीतर खाणीच्या किंवा पोलाद कारखान्याच्या फाटकाशी उभे राहा. शेवटी त्यांनी ठेवणीतलं वाक्य काढलं : "पोट्टी काय करते म्हणून विचारलं, तर म्हणे घरीच बसून राहते अन् फोटो चिकटवते!" सभागृह हसलं. ज्यांच्या पोरी रात्री दोनपर्यंत जागून हेच काम करतात, ते आईबापही हसले. म्हणून हे लिहिणं आलं.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढू. नेटवर्कची तक्रार खरी आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, तिथे रेंजचं काय घेऊन बसलात! पण भामरागडची अडचण सांगून बल्लारपूर-वरोऱ्याच्या मुलीला गप्प करायचं, हा कुठला न्याय? पुण्याला जाण्याच्या सल्ल्यावर एकच प्रश्न : खोलीचं भाडं वक्ते भरणार आहेत काय? आणि खाणीच्या फाटकाशी किती जणांची सोय होते, ते त्यांनी फाटकावर जाऊन स्वतःच बघावं.

आता मुख्य मुद्दा : घरात बसून केलेलं काम हे काम नसतं. मुंबईच्या लोकलमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाने असं म्हटलं असतं तर समजून घेतलं असतं. आमच्या जंगलपट्टीत जन्म काढलेल्या माणसाने म्हणावं, याचं नवल वाटतं. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली वेगळी झाली. त्याआधी चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून एकच अवाढव्य जिल्हा होता. या मुलखातल्या कित्येक चुली घरच्या कामावरच पेटत आल्या आहेत. बुरडांच्या अंगणात बांबूच्या कामट्या सोलल्या जातात, टोपल्या आणि सुपं तिथेच विणली जातात. आरमोरीकडे कोशाचा धागा घरातच निघतो. मे महिन्यात पहाटे तोडून आणलेल्या तेंदूपत्त्याचे पुडे सगळं घर ओसरीत बसून बांधतं आणि मग ते फळीवर जातात. यांतल्या कोणाला साहेब होता? कोणाच्या दारात हजेरीचं मस्टर टांगलेलं होतं? तरी त्यांना कोणी 'घरीच बसून असतात' म्हटलं नाही, कारण हातातली कामटी दिसत होती. मुलीच्या हातातला माउस दिसत नाही, एवढाच तिचा गुन्हा.

आणि ती तिथे बसून करते काय, हे वक्त्यांनी एकदा तरी पाहिलं आहे का? यांच्याच घरी लग्न निघू द्या. फोटोग्राफर हजारो फोटो काढून हार्ड डिस्क या मुलीकडे टाकतो. पैसे शीटमागे ठरलेले. एक शीट बारा बाय छत्तीस इंचांची. इंचाला तीनशे बिंदू धरले तर एका शीटमध्ये 3 कोटी 88 लाख 80 हजार बिंदू होतात. हळदीच्या मांडवात गुलाबी एलईडी लावलेले असतात. त्या उजेडात नवरी जांभळी दिसते आणि नवरदेव काविळीचा रोगी. दोघांना माणसाच्या रंगात आणायचं. शीट मधोमध दुमडते, त्या घडीवर नवरीचं नाक येता कामा नये. कडेला लॅबमध्ये कटिंग होतं, म्हणून काकाजींचा फेटा आत घ्यायचा. पडद्यावर उजळ दिसलेला फोटो छापून आला की काळवंडतो, त्याचा अंदाज आधीच बांधायचा. मग देवनागरी. जुन्या फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी चालू केली नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी उभी राहायची ती नंतर जाऊन उभी राहते आणि जोडाक्षरांचे पाय तुटतात. लाखाच्या अल्बमवर 'शुभविवाह' मोडका छापला गेला तर शिव्या कोणाला? घरी बसलेल्या त्या पोट्टीलाच.

स्क्रॅपबुकाचं काम आणखी किचकट. पान बारा बाय बारा इंचांचं, म्हणजे 3600 गुणिले 3600 बिंदूंचं. मागचे कागद, फिती, बटणं, सुकी पानं, चौकटी, अक्षरं हे सगळं वेगवेगळं बनवून किट विकायचा. प्रत्येक तुकड्याची पार्श्वभूमी पारदर्शक हवी आणि कडा स्वच्छ हवी. सावली सगळ्यांची एकाच दिशेला पडायला हवी, नाहीतर पानावर दोन सूर्य उगवतात. घरगुती वापराचा परवाना वेगळा, धंद्याच्या वापराचा वेगळा. तो इंग्रजीतून लिहायचा आणि कोणी मोडला तर इंग्रजीतूनच भांडायचं. परदेशी गिऱ्हाईक सणाच्या दोन-तीन महिने आधी खरेदी करतं. म्हणून सप्टेंबरात, आमची ऑक्टोबर हीट तोंडावर असताना, ही मुलगी नाताळच्या बर्फाचे कण काढत असते. अमेरिकेत दिवस उजाडतो तेव्हा इथे संध्याकाळ होते, म्हणून प्रश्नांची उत्तरं रात्री द्यायची. साहेब नाही म्हणता? प्रत्येक गिऱ्हाईक तिचा साहेब आहे आणि त्यातल्या एकालाही रविवारची सुट्टी मान्य नाही.

शिस्त नसते, हे मात्र अर्धं खरं आहे. फक्त ती कोणाला नसते, ते बघायला हवं. मुलगी चेहऱ्याभोवतीचे केस कापत असते आणि आतून हाक येते, "तू घरीच आहेस तर जरा कुकर बंद कर." मग सिलिंडरवाला. मग शेजारच्या काकू, "घरीच असते म्हणून डबा ठेवून जाते बाई." भाऊ बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत असला की घरातला टीव्ही बंद होतो, बहीण पैसे कमावत असली तरी तो चालू राहतो. बेशिस्त घराची, बोल मात्र धंद्याला!

शिवाय बाहेर जाऊन कमवा, असं या जिल्ह्यांत म्हणणाऱ्याने बाहेर काय असतं तेही सांगावं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. तेंदूपत्त्याला, मोहाला गेलेल्या बायांवर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या उन्हाळ्यात येतातच. बाहेरचं काम वाईट असं मी म्हणत नाही. पण दुपारी कूलरपुढे बसून चार पैसे मिळवणाऱ्या मुलीची लाज वाटावी, इतकं बाहेरचं सुख आमच्याकडे ओसंडून चाललेलं नाही.

हा तुच्छतेचा सूर मला नवा नाही. आमच्या झाडीपट्टीची नाटकं ही खरी रंगभूमी नव्हेच, असं म्हणणाऱ्यांशी मी पूर्वी पुष्कळ वाद घातले आहेत. वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाटक कंपन्यांची कार्यालयं थाटलेली होती, दिवाळीपासून पुढे सगळा हंगाम रात्र-रात्र नाटकं चालत होती, तिकिटं काढून माणसं बघत होती, तरी शहरातले विद्वान विचारत, "पण हे सीरियस काम आहे का?" 2023 साली या रंगभूमीवरच्या कलावंताला पद्मश्री मिळाली आणि तेच विद्वान अभिनंदनाच्या रांगेत दिसले. त्या नाटकांची पोस्टरं पाहा. लहान जागेत डझनभर चेहरे, नाटकाचं नाव भडक, खाली गाव आणि तारीख, आणि लांबून सायकलवरून जाणाऱ्याला वाचता यावं असं सगळं. तीही डीटीपीवाल्यांनीच लावलेली असतात. त्याआधीचा वाद खिळ्यांच्या छापखान्याचा. संगणक आला तेव्हा हेच सांगितलं होतं की बटणं दाबणं म्हणजे काही कसब नव्हे. आज लग्नपत्रिका छापायला तेच लोक डीटीपीवाल्याच्या खुर्चीमागे उभे राहून "नाव थोडं मोठं करा ना" म्हणतात.

चिकटवही पोरांची म्हणून हिणवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मार्क ट्वेन हा अमेरिकन लेखक. त्याने पानांवर आधीच डिंक लावलेल्या चिकटवहीचं पेटंट 1873 साली मिळवलं आणि त्या वहीवर पैसेही कमावले. तेव्हा तो चौथीत नव्हता.

एआयबद्दल दोन शब्द. ते धंद्याचा काही भाग खाणार, खातही आहे. पण तेच एआय या मुलीच्याही संगणकात आहे. पार्श्वभूमी कापायला ती ते रोज वापरते. एआयला नवरी काढता येते, ही नवरी काढता येत नाही. सिरोंच्याहून आलेली आत्या अल्बममधून गळली तर पुढची दहा वर्षं बोलणं बंद होईल, हे त्याला कोण सांगणार? वारलेल्या आजोबांचा एकच फोटो आहे आणि तो पहिल्या शीटवर हवा, हे घरातल्या माणसाशी बोलल्याशिवाय कळत नाही.

एवढं खंडन झालं. मंडन त्या मानाने लहान आहे. जिल्ह्याचं भलं काय, असा त्यांचा प्रश्न होता. आमच्या जिल्ह्यांनी आजवर बाहेर काय पाठवलं? सागवान, कोळसा, तेंदूपत्ता, आता सुरजागडचं लोहखनिज. गडचिरोलीचा बांबू वर्षानुवर्षं कागदासाठी बल्लारपूरकडे गेला. बांबू विकण्याचा हक्क आपला आहे हे मेंढा-लेखाच्या गावकऱ्यांना लढून सिद्ध करावं लागलं, तेव्हा कुठे 2011 मध्ये वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाच्या हाती आलं. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2920 मेगावॉटचं. वीज राज्याची, राख आमची. सगळा कच्चा माल, आणि त्यावरची खरी कमाई दुसरीकडे. डिझाइनची फाइल मात्र इथून तयार माल म्हणूनच बाहेर पडते. तिला ट्रक लागत नाही, झाड तोडावं लागत नाही. यातून कोणाचा बंगला उठत नाही. लग्नसराई संपली की चार महिने हात रिकामेही राहतात. पण जे येतं ते त्या मुलीच्या खात्यात येतं.

या मुलींना माझं एकच सांगणं. बाजारातले तयार साचे कमी वापरा. गडचिरोलीच्या लग्नाच्या अल्बमवर पालघरची वारली माणसं नाचवू नका. ती चित्रं सुंदर आहेत, पण ती तिथली आहेत. बांबूच्या चटईची वीण, कोशाच्या कापडाचा पोत, मोहाची फुलं, सागाच्या वाळल्या पानाच्या शिरा, रेला नाचातल्या बायांची साखळी हे तुमच्या अंगणात आहे. फोटो स्वतः काढा, कोणाच्या घरातली कला घेतली तर विचारून घ्या आणि नाव द्या. शीटचा भाव लिहून ठेवा, आगाऊ रक्कम घ्या, फाइल दोन ठिकाणी ठेवा. उद्यम नोंदणी फुकट होते आणि घराच्या पत्त्यावर होते. ती करा, म्हणजे पुढच्या वेळी 'काय करते?' या प्रश्नाला दाखवायला कागद असेल.

आणि वाचकहो, ज्यांच्या घरात अशी मुलगी आहे त्यांनी तिच्या खोलीचं दार लोटून घ्यावं आणि कुकर स्वतः बंद करावा. ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी "अजून दोन शीट अशाच टाकून दे ना" म्हणण्याआधी त्या दोन शीटचे पैसे खिशातून काढावेत. मार्गदर्शकांनी काय करावं हे मी सांगत नाही. ते सांगायला दुसरे मार्गदर्शक आहेत.