कसला डोंबलाचा बिग शॉट!

जरा स्पष्टच लिहितेय. कुणाला लागलं तर लागू दे, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात इथे इंग्लंडमध्ये एका मराठी कार्यक्रमात आमच्या मुलांचं नाटुकलं होतं. दोन महिने तालमी केल्या होत्या पोरांनी. प्रमुख पाहुणे पाऊण तास उशिरा आले. मग शाल-श्रीफळ, मग फोटो, मग त्यांचं लांबलचक भाषण. शेवटी हॉलची वेळ संपत आली म्हणून मुलांचं नाटुकलं अर्ध्यात गुंडाळलं. परत येताना गाडीत माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने विचारलं, "ते काका कोण होते?"

नवरा म्हणाला, "अगं, खूप मोठे बिग शॉट आहेत ते."

लेक म्हणाली, "बाबा, शाळेत कुणी जास्त भाव खायला लागला की आम्ही त्याला बिग शॉट म्हणतो. ते चिडवायला असतं!"

पोरीचं शंभर टक्के बरोबर आहे. आपण ज्या शब्दांचे हार करून लोकांच्या गळ्यात घालतो, ते इंग्रजांनी आणि अमेरिकनांनी टोप्या उडवायला काढलेले आहेत.

बिग शॉट हा शब्द अमेरिकेत दारूबंदीच्या काळात गुंडांच्या म्होरक्यांना चिकटलेला. बिगविग म्हणजे मोठा टोप घालणारा. जेवढा टोप मोठा तेवढा खर्च मोठा, आणि तेवढाच तोरा. त्या टोपाच्या पावडरीवर १७९५ मध्ये सरकारने वर्षाला एक गिनी कर लावला, तर तो भरणाऱ्यांना लोक 'गिनी पिग' म्हणायला लागले! (अकाउंटंट आहे, कर आला की मला राहवत नाही.) नेबॉब म्हणजे आपला नवाब. कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानातून गडगंज होऊन परतलेल्या साहेबांना त्यांच्याच देशातले लोक नाक मुरडून नेबॉब म्हणायचे. १७७२ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर त्यांची खिल्ली उडवणारं नाटकसुद्धा आलं. आणि फॅट कॅट? १९९५ मध्ये ब्रिटिश गॅसच्या वार्षिक सभेच्या वेळी, मुख्य अधिकाऱ्याच्या भरमसाट पगारवाढीच्या निषेधात लोकांनी चक्क डुक्कर आणलं होतं. डुकराचं नाव काय ठेवलं? त्याच साहेबांचं!

आणि आपली मराठी काय कमी आहे? बडं प्रस्थ, बडी धेंडं, टिकोजीराव. माझी आजी तर कुणी फार रुबाब दाखवला की म्हणायची, "आला मोठा लाटसाहेब!" हा लाट म्हणजे लॉर्ड. राज्य करणाऱ्या साहेबाची पदवी उचलून आपल्या लोकांनी ती चेष्टेला जुंपली. त्यांनी नवाबाचा नेबॉब केला, आपण लॉर्डचा लाट केला. फिट्टंफाट!

मग परदेशात येऊन आपल्यालाच काय झालंय? घरात आपण म्हणतो, "त्यांच्याशी नीट बोल हं, बिग शॉट आहेत." पोरगं त्यातून काय शिकतं? पैसा आणि खुर्ची असली की उशीर माफ, आणि दोन महिन्यांची मेहनत बिनमोलाची.

मी सीए आहे. पुण्यात आर्टिकलशिप करताना सरांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, "समोरचा कितीही मोठा असो, बँकेचा दाखला थेट बँकेकडून मागवायचा. त्याच्या हातून घ्यायचा नाही." तेव्हा वाटायचं, किती हा संशय! मी नुकतीच सीए झाले होते तेव्हा, ७ जानेवारी २००९ ला, सत्यमच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड आणि बँक शिल्लक मुळात नव्हतीच. त्याच्या आधी त्याच माणसाला पुरस्कारावर पुरस्कार मिळत होते. दिपून गेलेला माणूस व्हाउचर मागत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

काही जण म्हणतील, "पाहुण्यांचा मान ठेवायचा नाही का?" ठेवायचा की! वयाचा ठेवा, ज्ञानाचा ठेवा, कामाचा ठेवा. माझी लेक सगळ्या आजी-आजोबांना वाकून नमस्कार करते, त्यांच्या बँक बॅलन्सची चौकशी न करता. पण मान आणि लाचारी ही दोन वेगळी खाती आहेत. एकाची नोंद दुसऱ्यात केली की हिशोब चुकणारच.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. कार्यक्रमात मुलांचे कार्यक्रम आधी ठेवा, सत्कार नंतर. पाहुण्यांचं भाषण दहा मिनिटं, आणि त्यानंतर मुलांना प्रश्न विचारू द्या. आणि घरी कुणाची ओळख करून देताना 'मोठे' आहेत म्हणू नका, ते काय करतात ते सांगा. ते सांगता येत नसेल, तर आपण नेमके कशापुढे वाकतोय याचा विचार करा.

आपली मुलं उद्या इथल्याच ऑफिसांत, इथल्याच साहेबांसमोर बसणार आहेत. तिथे त्यांना मान खाली घालून बसायची सवय आपणच लावायची का?

बोला, पुढच्या कार्यक्रमात मुलांना आधी स्टेज द्यायला कोण कोण तयार आहे?