विश्लेषण : शाळेतला व्यवसाय विषय हिंगोलीच्या मुलांना कुठवर नेतो?

हळद, सोयाबीन आणि कापसाच्या हिंगोली जिल्ह्यात ‘दहावीनंतर काय?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत ठरलेले असते. गुण बरे असतील तर नांदेड किंवा लातूरला शिकवणी, नसतील तर गावातले कनिष्ठ महाविद्यालय, आणि तेही जमले नाही तर शेत किंवा पुण्याकडची गाडी. या तिन्हींच्या मधली वाट म्हणून माध्यमिक शाळांत व्यवसाय शिक्षणाचा विषय आणला गेला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर २०२५ पर्यंत शाळा आणि उच्च शिक्षणातील किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ती मुदत संपली. पण विषय घेणाऱ्या मुलाला तो विषय पुढे कुठे नेतो, हा प्रश्न कायम आहे.

शाळेतले व्यवसाय शिक्षण म्हणजे नेमके काय?

राज्यात सध्या तीन समांतर वाटा आहेत. पहिली नववी-दहावीतच सुरू होते. समग्र शिक्षा अभियानाखाली निवडलेल्या शाळांत विद्यार्थी नियमित विषयांपैकी एकाऐवजी व्यवसाय विषय घेऊ शकतो. मल्टी स्किल, ऑटोमोबाइल, रिटेल, आरोग्यसेवा, सौंदर्यशास्त्र, कृषी, इलेक्ट्रॉनिक्स, पर्यटन अशी ही यादी आहे. हे विषय डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याला जोडलेले आहेत. मूळ रचनेनुसार नववी-दहावीत पहिला व दुसरा स्तर आणि अकरावी-बारावीत तिसरा व चौथा स्तर पूर्ण व्हावा, अशी अपेक्षा होती.

दुसरी वाट अकरावी-बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमाची. पालक अजूनही तिला ‘एमसीव्हीसी’ म्हणूनच ओळखतात. तिसरी वाट आयटीआयची. तिथे मूल शाळेतून बाहेर पडते आणि एखादा ट्रेड शिकते. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला किंवा बारावी व्यवसाय अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. ही सोय अनेक घरांपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट असा समज पक्का होतो.

ही कल्पना नवी आहे का?

मुळीच नाही, आणि तिची मुळे महाराष्ट्रातच आहेत. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात हिशेब, इतिहास-भूगोलाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, असे सुचवले होते. शेतकऱ्याच्या मुलाला त्याच्या जगण्याशी नाते सांगणारे शिक्षण मिळावे, ही त्यामागची भूमिका होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणारी ‘नई तालीम’ मांडली.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड देण्याची शिफारस केली. राज्यात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस द्विलक्ष्यी अभ्यासक्रम आले, १९८८-८९ पासून किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम आले. प्रत्येक पिढीत कल्पना तीच, नाव नवे. तरीही बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार देशातील १९ ते २४ वयोगटातील कामगारांपैकी पाच टक्क्यांहून कमी जणांनी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतले होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हा आकडा दिला असून त्याच्याशेजारी जर्मनीचा ७५ टक्के आणि दक्षिण कोरियाचा ९६ टक्के हा आकडाही दिला आहे.

पाबळचा प्रयोग काय सांगतो?

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार झाला आणि राज्य मंडळाने त्याला मान्यता दिली. त्याचे चार भाग होते : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. आठवड्यातला एक दिवस हाताने काम करण्यासाठी राखून ठेवायचा, आणि शिकवायला जवळच्या गावातला हुन्नरी माणूस घ्यायचा, अशी पद्धत होती. मुले शाळेचे बाक जोडत, वायरिंग दुरुस्त करत, रक्तगट तपासायला आणि मातीची चाचणी घ्यायला शिकत. गावाला लागणारी कामे शाळेत होत, म्हणून गावालाही शाळेचा उपयोग कळे.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की चारही भाग सर्व मुलामुलींनी शिकायचे होते. चौदाव्या वर्षी कुणाला कायमचा वेल्डर करून टाकायचे नव्हते. आज शाळांत शिकवला जाणारा ‘मल्टी स्किल’ हा विषय याच प्रयोगातून आला आहे.

हिंगोलीत कोणत्या कौशल्यांना काम आहे?

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११ लाख ७७ हजार होती आणि त्यातले सुमारे ८५ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. मोठ्या कारखान्यांची रांग इथे नाही. पण काम नाही, असेही नाही.

वसमतची हळद हे ठळक उदाहरण. तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. राज्याच्या २०२२ च्या अर्थसंकल्पात वसमतच्या हळद संशोधन व प्रक्रिया केंद्रासाठी १०० कोटी रुपयांची घोषणा झाली होती. काढणीनंतर हळद शिजवावी लागते, वाळवावी लागते, पॉलिश करावी लागते, तिची प्रतवारी करावी लागते. या प्रत्येक टप्प्यावर यंत्र आहे आणि यंत्र आले की ते चालवणारा, दुरुस्त करणारा आणि मालातील ओलावा, कुरकुमिनचे प्रमाण तपासणारा माणूस लागतो. ठिबक संच, सौर कृषिपंप, ट्रॅक्टर, दुचाकी यांची दुरुस्ती तर गावोगावी हवीच असते.

औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांतली निर्वात नळी असे तिचे स्वरूप असेल. शास्त्रज्ञ देशभरातून येतील. मात्र वीजपुरवठा, वातानुकूलन, निर्वात यंत्रणा यांची देखभाल रोज करावी लागेल. अशी पदे थोडी असतील. पण ती स्थानिकांना मिळायची तर त्यासाठी लागणारा फिटर, इलेक्ट्रिशियन किंवा पदविकाधारक आज शाळेत असला पाहिजे.

मग अडते कुठे?

पहिली अडचण विषयांच्या यादीची. पात्रता पुस्तिका आणि अभ्यासक्रम देशपातळीवर तयार होतात. भोपाळची केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्था त्यांचा आराखडा करते. दहावीच्या यादीतला कृषी अभ्यासक्रम ‘सोलॅनेशियस क्रॉप कल्टिव्हेटर’ या नावाचा, म्हणजे टोमॅटो, वांगी, मिरची या वर्गातील पिकांचा आहे. हळदीच्या पट्ट्यातल्या मुलाला मिरची लागवड शिकून तोटा होणार नाही. पण बाप ज्या मालावर वर्ष काढतो, त्याची प्रक्रिया त्याच्या पाठ्यपुस्तकात नाही.

दुसरी अडचण शिकवणाऱ्याची. व्यवसाय प्रशिक्षक प्रामुख्याने बाह्य संस्थांमार्फत, कंत्राटी पद्धतीने नेमले जातात. कंत्राट बदलले की शिक्षक बदलतो किंवा काही महिने वर्ग रिकामा राहतो. गणिताला असे झाले तर पालक शाळेत धडकतील. व्यवसाय विषयाला झाले तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण सलगतेची. नववी-दहावीत ऑटोमोबाइल घेतलेल्या मुलाला अकरावीत तोच विषय जवळपास मिळाला नाही, तर चार स्तरांची साखळी दुसऱ्या स्तरावरच तुटते. एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार शाळेतल्या कौशल्य शिक्षणाचेही श्रेयांक जमा होऊ शकतात. कागदावर हा उपाय चोख आहे. पण श्रेयांक खात्यात असूनही पुढचा वर्गच तालुक्यात नसेल, तर ते वटणार कुठे?

आक्षेप कोणते आहेत?

सर्वांत गंभीर आक्षेप जातीचा आहे. मद्रास राज्यात १९५३ मध्ये राजगोपालाचारी सरकारने शाळेचे तास कमी करून मुलांना उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकू देण्याची योजना आणली. ही पिढीजात व्यवसाय लादण्याची युक्ती आहे, अशी टीका झाली आणि पुढच्याच वर्षी ती मागे घेतली गेली. आजही गुण कमी म्हणून ज्यांना व्यवसाय विषयाकडे ढकलले जाते, ती मुले कोणत्या घरांतली आहेत, हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

दुसरा आक्षेप मुलींबाबत. मुलांना ऑटोमोबाइल आणि मुलींना सौंदर्यशास्त्र अशी वाटणी शाळेतच झाली, तर कौशल्य शिक्षण जुन्याच भिंती पक्क्या करते. तिसरा प्रश्न बालमजुरीचा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास बंदी आहे आणि १४ ते १८ वयोगटाला धोकादायक कामे निषिद्ध आहेत. हळदीच्या काढणीचा हंगाम जानेवारी ते मार्च, म्हणजे ऐन परीक्षांच्या तोंडावर असतो. ‘प्रात्यक्षिक’ या नावाखाली स्वस्त मजूर मिळू नयेत, यावर शाळेची नजर हवी.

जर्मनीचा दाखला कितपत लागू पडतो?

महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात १० हजार तरुणांचे उद्दिष्ट ठेवले गेले. जर्मन पद्धतीत प्रशिक्षणार्थी आठवड्यातले काही दिवस कंपनीत आणि उरलेले व्यवसाय शाळेत असतो, आणि कंपनी त्याला विद्यावेतन देते. तिथे तीनशेहून अधिक व्यवसायांना अशी मान्यता आहे. ही पद्धत उभी आहे ती प्रशिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या उद्योगांच्या जोरावर. हिंगोलीत तो भार हळद प्रक्रिया उद्योग, साखर कारखाना, बाजार समित्या, ट्रॅक्टरच्या कार्यशाळा आणि महावितरणसारख्या यंत्रणांनाच वाटून घ्यावा लागेल.

पालकांनी काय विचारावे?

नववीत विषय निवडण्याआधी शाळेत चार प्रश्न विचारता येतात. या विषयाचा प्रशिक्षक सध्या नेमलेला आहे का आणि मागच्या वर्षी किती महिने होता? साहित्य आणि कार्यशाळा वापरात आहे की कुलूपबंद? या विषयाऐवजी कोणता विषय सुटतो आणि त्यामुळे पुढची कोणती शाखा बंद होते? आणि दहावीनंतर हाच विषय जिल्ह्यात कुठे शिकता येतो?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एकट्या मुख्याध्यापकाकडे नसते. शाळा शिक्षण विभागाकडे, आयटीआय कौशल्य विकास विभागाकडे आणि पॉलिटेक्निक तंत्रशिक्षण विभागाकडे आहे. कोणत्या शाळेतला कोणता विषय पुढे कोणत्या आयटीआयच्या ट्रेडला किंवा हिंगोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनाच्या शाखेला जोडतो, याचा एकत्रित तक्ता प्रत्येक शाळेच्या फलकावर लागला, तर नववीतल्या मुलाला निवड करण्याआधीच दिसेल की त्याची वाट दहावीला संपते की पुढे जाते.