त्यागाची आरती पुरे

डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मलेल्या बालकाला रक्ताचा कर्करोग होण्याचा धोका इतर बालकांच्या दहा ते वीस पट असतो. असे मूल परळच्या टाटा रुग्णालयाच्या दारी पोहोचते, तेव्हा नातलगांत कुजबुज सुरू होते : अशा पोरासाठी एवढा आटापिटा कशाला? वैद्यकशास्त्राने या निर्दय प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिले आहे. औषधांच्या मात्रा जपून ठरविल्या, तर यांतील बहुसंख्य मुले बरी होऊ शकतात. समाजाने मात्र आईच्या त्यागाची आरती म्हणून आपली सुटका करून घेतली आहे.

हा त्याग म्हणजे नेमके काय? मराठवाड्यातील एखादे शेतमजूर कुटुंब घ्या. उपचार दोन-तीन वर्षे चालू शकतात. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटल्या की साधा तापही जिवावर बेततो. म्हणून महिनोन्महिने गावी परतता येत नाही. दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, नाही तर पदपथ आहेच. कुठे दुखते हे ज्या मुलाला सांगता येत नाही, त्याच्या कण्हण्याचा अर्थ एकटी आई जाणते. त्याला शेजारणीकडे सोपवून चार घरची धुणीभांडी करणेही तिला अशक्य होते. बाप ऊसतोडीची उचल घेतो. थोरली मुलगी शाळा सोडून चुलीपाशी बसते. तिची तर आरतीही कोणी म्हणत नाही.

औषधोपचाराचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून भागतो, असे सरकार सांगेल. बराचसा भागतोही. पण बुडालेली मजुरी कोणत्या योजनेत बसते? केंद्र सरकारच्या सेवेतील आईला २००८ पासून बालसंगोपनासाठी ७३० दिवसांची रजा आहे, आणि ती योग्यच आहे. शेतमजूर आईला एका दिवसाचीही नाही! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात, अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु त्याच कलमात सरकारने आपल्या आर्थिक कुवतीची मर्यादाही घालून ठेवली आहे. कुवत संपली म्हणून थांबण्याची मुभा सरकारला, आईला नाही.

हा भत्ता किमान वेतनाच्या दराने, उपचार संपेपर्यंत, आईच्या खात्यात जमा झाला पाहिजे. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील अशी घरे शोधून कलम ३८ खालील अर्ज भरून घ्यावेत, आणि नकार आल्यास त्याचे कारण लेखी मागावे.