दूत निर्दोष नसतो

'हर्मिस म्हणजे ग्रीकांचा नारद' हे वाक्य आपल्या वर्गांतून आणि उत्तरपत्रिकांतून वर्षानुवर्षे फिरते आहे. दोघेही लोकालोकी संचार करतात, निरोप पोचवतात, कळ लावतात. एवढ्या साम्यावर आपण समाधान मानतो. या समीकरणाला आमचा विरोध आहे, कारण त्यात हर्मिसचे दुभाषेपण गळून पडते.

होमरच्या नावावर असलेल्या हर्मिसस्तोत्रात तो सकाळी जन्मतो, दुपारी कासवाच्या कवचाची वीणा वाजवतो आणि संध्याकाळी अपोलोच्या गाई चोरतो. गाई उलट्या हाकून तो माग फिरवतो. पावले खरी, पण ती दाखवतात ती दिशा खोटी! प्लेटोच्या 'क्रॅटिलस'मध्ये सॉक्रेटिस त्याचे नाव 'दुभाषी' या अर्थाच्या शब्दाशी जोडतो आणि निरोप्या, चोर, शब्दांनी फसवणारा, सौदागर हेही त्याच पंक्तीत बसवतो. ही व्युत्पत्ती आज निर्विवाद मानली जात नाही. त्यामागचा विचार मात्र अबाधित आहे : जो अर्थ वाहून नेतो, तो अर्थ वळवूही शकतो.

आपली परंपरा दूताला अवध्य मानते. लंकेत बिभीषणाने हनुमंतासाठी हाच न्याय सांगितला. राजनीतीत तो योग्यच. परंतु साहित्यविचारात 'अवध्य'चे 'निर्दोष' कधी झाले, हे आपल्याला कळलेच नाही.

त्याचे मोल काय असते, ते नारायण पेठेने पाहिले आहे. तेथील गायकवाड वाडा, म्हणजे आजचा केसरी वाडा, हे 'केसरी'चे घर. १२ मे आणि ९ जून १९०८ च्या अंकांतील 'देशाचे दुर्दैव' व 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांवरून टिळकांवर मुंबईत राजद्रोहाचा खटला चालला. लेख मराठी, पण ज्युरीपुढे होते ते त्यांचे सरकारी इंग्रजी भाषांतर. टिळकांनी एकवीस तासांहून अधिक काळ स्वतः युक्तिवाद केला आणि मराठी शब्दांचा अर्थ त्या भाषांतरात कसा बदलला, हे पुन्हा पुन्हा मांडले. २२ जुलै रोजी ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले. शिक्षा सहा वर्षांची; ती मंडालेत भोगावी लागली. शब्द वळले ते वाटेत, आणि जाब विचारला गेला तो लेखकाला.

सरकारला शिक्षा द्यायचीच होती, भाषांतराने काय फरक पडणार होता, असे कोणी म्हणेल. पण सत्तेला आपला हेतू तडीस नेण्यासाठी भाषांतर हाताशी लागले, यातच दूताचे सामर्थ्य सिद्ध होते.

आणि आपण काय करतो? कामू किंवा दस्तयेवस्की मराठीतून वाचतो आणि 'लेखकाच्या शैली'वर पानेच्या पाने लिहितो. ती शैली ज्याच्या मराठीतून आपल्यापर्यंत आली, त्या अनुवादकाचे नावही घेत नाही. हा विनय नव्हे, बौद्धिक आळस आहे. आता तर यंत्रे क्षणात भाषांतर करून देतात. तेथे जाब विचारायला माणूसही सापडत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. अनुवादित कृतीवरील प्रत्येक प्रश्नात अनुवादकाचे नाव छापावे, आणि एकाच कृतीचे दोन अनुवाद असतील तेथे ते शेजारी ठेवून शिकवावेत. हर्मिसला नारदाच्या कोंदणात बसवण्यापेक्षा, त्याच्या गाईंच्या पावलांकडे पाहून वाट ओळखायला विद्यार्थ्यांना शिकवणे अधिक मोलाचे आहे.