वाघिणीतल्या शेळ्या

रेल्वेच्या मालडब्याला मराठीत ‘वाघीण’ असे कोणी म्हटले, कोणास ठाऊक. ‘वॅगन’ या इंग्रजी शब्दाला कुणा मालबाबूने किंवा हमालाने घरचा पोशाख चढवला असावा. परिणाम असा की शेळ्यामेंढ्यांनी खच्चून भरलेल्या डब्यालाही आपण वाघीणच म्हणत आलो. ही शब्दाची गंमत सोडली, तर त्या डब्याविषयी आपल्याला काहीच वाटत नाही. आणि तो ज्यांच्या ताब्यात आहे, त्या प्रशासनाला तर मुळीच वाटत नाही. या अनास्थेविषयीच आज लिहावयाचे आहे.

आपल्या रेल्वे संग्रहालयांची रचना पाहिली की वाटते, रेल्वे ही जणू राजेरजवाड्यांनी प्रवास करावा म्हणून बांधली गेली. १९७७ साली दिल्लीच्या चाणक्यपुरीत उघडलेल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाचे महत्त्व मी नाकारीत नाही. तेथील प्रिन्स ऑफ वेल्सचा १८७५ मधील सलून डबा किंवा म्हैसूरच्या महाराजांचा सलून पाहण्याजोगाच आहे. परंतु रेल्वेच्या उत्पन्नाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मालवाहतुकीतून येतो. प्रवाशाच्या तिकिटाचा तोटाही मालगाडीच भरून काढते. असे असता वारसा म्हणून जतन काय करावयाचे, हा प्रश्न आला की प्रथम इंजिन, मग सलून, मग सिग्नलचे दिवे आणि घड्याळे, आणि सर्वांत शेवटी, जागा उरलीच तर, मालडबा. मालडब्यांतही जनावरांचा डबा म्हणजे पंगतीत अगदी टोकाला बसलेला पाहुणा. वाढपी तेथवर येईपर्यंत पातेले रिकामे झालेले असते.

काही वर्षांपूर्वी सरकारी कामानिमित्त उत्तरेकडील एका शहरात गेलो असता तेथील रेल्वे वारसा उद्यानात असा एक मीटरगेज डबा पाहण्यात आला. शहराचे व उद्यानाचे नाव घेत नाही. घेतल्याने फक्त तेथील एखाद्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला कारणे दाखवा नोटीस जाईल. डबा लालभडक तैलरंगाने रंगविलेला होता. त्याच्या फटींमध्येही रंग गेला होता. दरवाजा वितळजोड करून कायमचा बंद केलेला. पाटीवर फक्त ‘पशुवाहक डबा’ एवढी दोनच पदे. आत काय असते, जनावरे कशी उभी राहत, त्यांना पाणी कोण देई, यांतले काहीही नाही. मात्र डब्यासमोर छायाचित्रासाठी एक फुलांची कमान होती. मी यथावकाश पत्र लिहिले. ‘आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठविण्यात आले आहे’ असे उत्तर आले. हे वाक्य मी स्वतः नोकरीत इतक्या वेळा सहीसह पाठविले आहे की त्याचा अर्थ मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्या रंगाबद्दल थोडे अधिक सांगावेसे वाटते. मालडब्याच्या अंगावर पांढऱ्या रंगात काही अक्षरे आणि आकडे छापलेले असतात: कोणत्या रेल्वेचा डबा, रिकाम्या डब्याचे वजन किती, भार किती घेतो, शेवटची मोठी दुरुस्ती कोणत्या कारखान्यात व केव्हा झाली, पुढची केव्हा व्हावयाची. हीच त्या डब्याची नस्ती. आपल्या कार्यालयांतल्या नस्त्या हरवतात, वाळवी खाते, आगीत जातात. ही नस्ती मात्र डब्याच्याच अंगावर असते आणि डबा जाईल तेथे जाते. तिच्यावर रंगाचा नवा हात फिरविणे म्हणजे अभिलेख नष्ट करणे. दफ्तरखान्यातल्या एखाद्या लिपिकाने जुन्या सातबारावर चुन्याचा हात फिरवला तर आपण त्याला निलंबित करू. रेल्वे उद्यानात तेच केले की त्याला सुशोभीकरण म्हणतात आणि उद्घाटनाला फीत कापतात.

आणि हा डबा काही मुका नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आणि त्याखाली झालेले प्राणी वाहतुकीचे १९७८ चे नियम समोर ठेवून तो पाहावा, म्हणजे तो बोलू लागतो. हे नियम मी अनेकांना वाचावयास दिले आहेत. सरकारी गद्यात इतका तपशील आणि इतकी कणव एकत्र क्वचितच सापडते. ब्रॉडगेजच्या साध्या मालडब्यात दहापेक्षा अधिक मोठी गुरे किंवा पंधरापेक्षा अधिक वासरे नकोत. मीटरगेजमध्ये सहा किंवा दहा, नॅरोगेजमध्ये चार किंवा सहा. गुरे रुळांना समांतर, एकमेकांकडे तोंड करून उभी करावीत. डब्याच्या तळाशी किमान सहा सेंटिमीटर जाडीचा पेंढा असावा, म्हणजे एखादे जनावर बसले तर त्याला इजा होणार नाही. छातीशी येणारे दोन आडवे दांडे असावेत: एक साठ ते ऐंशी सेंटिमीटरवर, दुसरा शंभर ते एकशेदहा सेंटिमीटरवर. डबे गाडीच्या मध्यभागी जोडावेत. प्रत्येक डब्यात किमान एक राखणदार असावा. त्याने आत स्वयंपाक करू नये, काचेविना कंदील लावू नये. दुभत्या जनावराचे दिवसातून दोनदा दूध काढावे आणि वासरांना पुरेसे पाजावे. शक्यतो प्रवास रात्रीच व्हावा, दिवसा जनावरे उतरवून त्यांना चारापाणी व विश्रांती द्यावी.

यांतील एक नियम मला विशेष लक्षात राहिला आहे. हवा खेळती राहावी म्हणून एका बाजूचा वरचा दरवाजा उघडा ठेवावा, पण त्याला घट्ट विणीची जाळी असावी, म्हणजे इंजिनातून उडणारे निखारे आत येऊन पेंढ्याला आग लागणार नाही. नियमित सेवेतून वाफेची इंजिने जाऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला. नियमातले निखारे अद्याप विझलेले नाहीत. संग्रहालयातल्या डब्याची ती जाळी जागेवर असेल, तर एका नजरेत हा सगळा इतिहास मुलाला समजेल. ती काढून तेथे सपाट पत्रा मारला असेल, तर समजण्यासारखे काही उरत नाही. पुनर्स्थापना आणि रंगरंगोटी यांतला फरक एवढ्या एका जाळीत आहे.

जाळीचा विषय निघालाच आहे, तर १९२१ ची एक घटना सांगणे क्रमप्राप्त आहे. मलबारमधील उठावात पकडलेल्या सुमारे शंभर कैद्यांना १९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी तिरूर स्थानकावर मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या एका बंद लगेज डब्यात कोंबण्यात आले. मध्यरात्रीनंतर पोदनूरला दार उघडले तेव्हा आत प्रेतांचा खच होता. मृतांची संख्या अखेर सत्तरच्या घरात गेली. पुढे चौकशीत आढळले, की हवेसाठी असलेली बारीक जाळी धुळीने आणि रंगाने बुजलेली होती. रंगाने! केरळ याला ‘वॅगन ट्रॅजेडी’ म्हणून ओळखतो. तिरूर स्थानकाच्या भिंतीवर या प्रसंगाचे चित्र २०१८ साली काढले गेले आणि आक्षेप आल्यावर त्याच वर्षी पुसले गेले. त्या उठावाबद्दल इतिहासकारांत तीव्र मतभेद आहेत आणि ते असू द्यावेत. परंतु गाडीत हवा नसल्याने माणसे मेली, याबद्दल दुमत नाही. हे रेल्वेने स्वतःच्या आवारात सांगावयाचे नाही, तर कोणी सांगावयाचे?

इतर देशांनी हे सांगण्याचे धैर्य दाखविले आहे. फ्रान्सच्या जुन्या मालडब्यांवर ‘माणसे चाळीस, घोडे आठ’ असा शिक्का असे. दोन्ही महायुद्धांत त्यांतून सैनिक आणि घोडे आघाडीवर गेले. १९४९ साली फ्रान्सने कृतज्ञतेची भेट म्हणून असे एकोणपन्नास डबे भेटवस्तूंनी भरून अमेरिकेला पाठविले. त्यांतले अनेक आजही तेथील राज्याराज्यांत जपलेले आहेत, आणि तो शिक्का कोणी खरवडून काढलेला नाही. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात तर असा एक मालडबा आहे की त्यातून चालत जाता येते. जनावरांची आणि माणसांची मी तुलना करीत आहे असा अर्थ कोणी काढू नये. मुद्दा डब्याचा आहे: कोणाला किती जागा द्यावयाची हे जे ठरवितात, ते स्वतः त्या जागेत कधी उभे राहत नाहीत. प्रशासनात वर्षे काढलेल्या माणसाला हा धडा पुस्तकापेक्षा डब्यात लवकर मिळेल.

हा डबा नाहीसा का झाला, हीदेखील प्रशासनाचीच कथा आहे. मुंबई आणि कोलकाता येथील तबेल्यांना हरियाणाच्या मुऱ्हा म्हशी हव्या असत. म्हैस शहरात येई, दूध देई, आटली की बहुधा कसायाकडे जाई, आणि तिच्या जागी दुसरी येई. १९७० साली सुरू झालेल्या दूधमहापूर योजनेने हा क्रम उलटविला: म्हैस गावी राहू द्या, दूध शहरात आणा. पहिल्या टप्प्यात अठरा दूधक्षेत्रे चार महानगरांना जोडली गेली आणि रुळांवरून दुधाचे टँकर धावू लागले. चिपळूणकरांना अभिप्रेत होते ते वाघिणीचे दूध वेगळे. हे अक्षरशः वाघिणीतले दूध! २०२० च्या टाळेबंदीत रेणिगुंट्याहून दिल्लीकडे ‘दूध दुरांतो’ निघाली, ती याच परंपरेतली. दुसरीकडे १९८० च्या दशकात रेल्वेने एकेका डब्याची वाहतूक आवरती घेऊन संपूर्ण मालगाडी भरणाऱ्या ग्राहकाकडे मोर्चा वळविला, आणि १९९२ पासूनच्या एकगेज प्रकल्पाने मीटरगेज संपत आणले. दहा गुरे पाठविणाऱ्याला रेल्वेच्या दारात उभे राहण्याचे कारण उरले नाही. तो ट्रकवाल्याकडे गेला. ट्रकमध्ये प्रत्येक गायी-म्हशीला दोन चौरस मीटर जागा हवी, हा नियम यायला २०१५ साल उजाडावे लागले. महामार्गावर तो कितपत पाळला जातो, हे रात्री प्रवास करणाऱ्या वाचकाने स्वतःच पाहावे.

यावर नेहमीचा आक्षेप पैशाचा. मोडीत काढलेला डबा भंगाराच्या लिलावात टनावर विकला जातो, आणि लेखापालाच्या दृष्टीने तीच त्याची किंमत. पण २०२१ साली मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात जुन्या डब्यात उपाहारगृह थाटता येते, त्यासाठी कंत्राटदार मिळतो, परवाने मिळतात. तेथे जाऊन थाळी खाण्याला माझी हरकत नाही. मात्र डब्याचे भाडे घेणाऱ्या खात्याने ‘पैसा नाही’ हे कारण पुढे करू नये. दुसरा आक्षेप हलक्या आवाजात सांगितला जातो: गुरांचा विषय आहे साहेब, उगाच वाद नको. या भीतीपोटी आम्ही इतिहासाचे कितीतरी दरवाजे वितळजोड करून बंद केले आहेत. वाद टाळण्यासाठी ठेवलेली गप्प वस्तू ही शोभेची कुंडी होते. तिला संग्रहालयात ठेवण्याचे कारण राहत नाही.

रेवाडी येथे १८९३ ची लोकोशेड वारसा केंद्र म्हणून चालविली जाते. मुऱ्हा म्हशींचा मुलूख तिच्या आजूबाजूलाच पसरलेला आहे. जनावरांचा एखादा मीटरगेज डबा नीट जतन करावयाचा, तर याहून योग्य जागा मला दिसत नाही. तो तेथे आणावा. जुने लाकूड जितके वाचेल तितके वाचवावे. नवे घालावे लागले तर ते नवे दिसू द्यावे. अंगावरची अक्षरे आधी छायाचित्रित करावीत, मग साफ करावीत, झाकू नयेत. दांडे नियमातल्या उंचीवर बसवावेत, तळाला पेंढा घालावा आणि तो दर पंधरवड्याला बदलावा. या खर्चाला लेखाशीर्ष लागत असेल तर ते निर्माण करावे. १९७८ चे नियम हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक बोलीत आतल्या भिंतीवर लावावेत. दरवाजाचा वितळजोड कापून तो उघडा ठेवावा आणि एका वेळी दहा मुलांना आत, रुळांना समांतर, समोरासमोर, पाच मिनिटे उभे राहू द्यावे. बाहेर फुलांची कमान लावावयाची असल्यास जरूर लावावी, पण छपराची गळती पावसाळ्यापूर्वी थांबवून मगच.