निर्लेखनाआधी चिप वाचा

जुन्या संगणकाच्या बोर्डावर काचेची गोल खिडकी असलेली एखादी चिप दिसते, ती ईप्रॉम. संगणक सुरू होताच पहिली आज्ञा अशाच चिपमधून येते. खिडकीवर कागदी स्टिकर असतो आणि बऱ्याचदा आवृत्तीची नोंद तेवढी त्याच्यावरच असते. कोकण किनाऱ्यावरच्या बुरोंडी-हर्णैच्या दमट, खाऱ्या हवेत हा कागद फार टिकत नाही. तो गळाला की चिपचे नाव जातेच. शिवाय उघड्या खिडकीवर थेट ऊन पडत राहिले, तर आठवडाभरात आतला मजकूरही पुसला जाऊ शकतो. म्हणून आधी खिडकी काळ्या चिकटपट्टीने झाकावी.

मजकूर शाबूत असेल तर निनावी चिपचीही ओळख पटते. 'प्रोग्रामर' या चिप वाचणाऱ्या उपकरणावर ती दोनदा वाचून प्रती जुळवाव्यात. न जुळल्यास गंजलेले पाय साफ करून पुन्हा वाचावी. मग आत पाहावे. १९८४ च्या 'क्लास' योजनेतून शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रोच्या जोड-रॉममध्ये सुरुवातीलाच नाव आणि हक्कसूचना असते. पीसीच्या बायोसमध्ये बहुधा अगदी शेवटी तारीख सापडते. मजकुरातले एकाआड एक अक्षर गायब असेल, तर उरलेली अक्षरे जोडीच्या दुसऱ्या चिपमध्ये आहेत. आज्ञा दिसतच नसतील, तर बिट ठिपक्यांसारखे मांडून पाहावेत. अक्षरांचे आकार उमटले की ती अक्षरसंचाची चिप.

ते आकार देवनागरीही असू शकतात. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकने 'जिस्ट' कार्डाच्या रूपाने लोकांपर्यंत नेले. हे कार्ड बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉस प्रोग्रामांतही मराठी उमटे. संगणकावर मराठी कशी आली, याचा पुरावा फ्लॉपींइतकाच अशा कार्डांवरही आहे.

जुनी यंत्रे संगणकावर जिवंत करणाऱ्या 'मेम' या प्रकल्पात हजारो रॉमचे चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेले ओळख-आकडे, नोंदलेले आहेत. नवी प्रत त्यांच्याशी ताडली की ओळख क्षणात पटते. पण आधी कुणी नोंद केली असेल तरच. आपल्या यंत्रांची ही नोंद दुसरे कोण करणार? सी-डॅकने जिस्टच्या आवृत्त्यांचे चेकसम जाहीर करावेत. चेकसमवरून मूळ प्रोग्राम उलगडता येत नाही, त्यामुळे हक्कांची अडचणही नाही. पण नोंदीसाठी चिप हाती उरायला हवी. शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत 'संगणक, नग १' एवढ्या ओळीने जमा झालेले यंत्र तशाच एका ओळीने खर्ची पडते. शाळा आणि तंत्रनिकेतनांनी निर्लेखनाच्या ठरावाआधी चिप वाचून प्रत जपून ठेवण्याची अट घालावी. प्रोग्रामर हाताशी असेल तर हे काम काही मिनिटांचे आहे. भंगाराचा लिलाव झाल्यावर मात्र ते कुणालाच करता येणार नाही.